तिसरा काप

नाना : आणि फांदी मांडीएवढी जाड असेल तर?

लोटन : तीन काप. पहिला खालून. दुसरा जरा पुढे, वरून. मग फांदी पडताना साल ओढत नाही. तिसरा, उरलेलं ठुंठ काढायला. हे झोपेत बी येतं, नाना.

नाना : झोपेत नको, शनिवारी धुळ्याला यायला हवं. वृक्षनिगेच्या परीक्षेत मागच्या वेळी थोडक्यात राहिलास.

लोटन : या वेळी राहिलो तर ठेकेदार झाडावर चढू देणार नाही. सर्टिफिकेट नाही त्याने खाली पाला गोळा करायचा, म्हणे. तीस वर्षं चढतोय मी.

नाना : म्हणून तर वाचून दाखवतोय. प्रश्न सत्तावीस. हा तिसरा काप कुठे घ्यावा? अ, खोडाला अगदी लागून. ब, फांदीच्या मुळाशी असलेला फुगवटा राखून, त्याच्या बाहेर. क...

लोटन : अ. खोडाला घासून. हात फिरवला तर काही लागायला नको.

नाना : उत्तर ब दिलंय, लोटन.

लोटन : पुस्तक चुकलं असेल.

नाना : थांब, माझंच काही चुकत असेल. पुन्हा बघतो... नाही, ‘ब’च. ‘या फुगवट्यामुळे जखम भरून येते. तो कापला गेल्यास खोडात कूज शिरते.’ मागच्या वेळी काय लिहिलंस?

लोटन : अ. फांदी कापून दाखवायची होती, ती बी घासूनच घेतली. साहेब काही बोलला नाही. मला वाटलं, खूश झाला.

नाना : तिथेच गेले तुझे गुण. हे शिकवलं कोणी तुला? वडिलांनी, जीवरामभाऊंनी?

लोटन : मना बाप? छे! तो बोटभर सोडायचा. म्हणे, झाडले तोंड मिटाले जागा ठेव.

नाना : मग?

लोटन : जाऊ द्या.

नाना : सांग ना.

लोटन : तुम्ही सांगितलं.

नाना : मी?

लोटन : वाचनालयाच्या निंबाला. तुम्ही ग्रंथपाल होते तवा. सभेला पाहुणे येणार होते. मी बोटभर सोडून उतरलो, तर तुम्ही म्हणाले, ठुंठ बरं दिसत नाही, खोडालगत घे. मी परत चढलो.

नाना : मला आठवत नाही रे.

लोटन : मले आठवस. शिकलेला माणूस सांगतोय, म्हटलं खरंच असेल. तवापासून बठ्ठी झाडं तशीच. शिरपूरपासून जामनेरपर्यंत.

नाना : त्या निंबाला ढोली आहे. त्याच बाजूला.

लोटन : शे.

नाना : पोपट राहतात तीत. मी रोज संध्याकाळी बाकावर बसून बघतो त्यांना.

लोटन : माहीत शे. येता-जाता दिसतात तुम्ही.

नाना : आणि कधी बोलला नाहीस?

लोटन : काय बोलणार? तुम्ही एवढं वाचलेलं.

नाना : झाडांबद्दल काहीच वाचलं नव्हतं. पाहुण्यांची धास्ती होती, एवढंच.

लोटन : पोपटांची तर सोय झाली.

नाना : थट्टा करू नकोस.

लोटन : बरं, नाही करत. कागदावर ब लिहीन मी. पण हाताचं काय? बावीस वर्षांची सवय शे. करवत आपोआप खोडाकडे जाते.

नाना : दारातल्या बदामाची एक फांदी पत्र्यावर घासते. कधीची काढायचीच आहे. चढ.

(अंगणात. लोटन बदामावर, हातात करवत. नाना खाली, हातात पुस्तक.)

लोटन : दोन काप झाले. तिसरा कुठे घेऊ?

नाना : मला विचारू नकोस.

लोटन : पुस्तक तुमच्या हातात शे ना!

नाना : असू दे. जीवरामभाऊ कुठे घ्यायचे?

लोटन : ...इथं.

नाना : मग तिथं घे.

लोटन : झालं. खालून कसं दिसतं?

नाना : ठुंठ दिसतंय.

लोटन : घासून घेऊ का?

नाना : नको. उतर आता.