निर्णय एकाचा

…आणि तत्त्वाला माझा विरोध नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल, तोर्ग्नी म्हातारा झाला, नवं काही सोसवत नाही त्याला! पण मला सांगा, एकवीस वर्षं मी या बिजागऱ्यांच्या कारखान्यात मुकादम आहे, आमच्या अख्ख्या स्मोलंड प्रांतात आमची बिजागरी नसलेलं दार दाखवा आणि… बरं, ते राहू द्या. तर हा हाम्पुस. स्टॉकहोमहून आलेला नवा मॅनेजर. वय बत्तीस, बूट पांढरे. पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या तेलकट खात्यात पांढरे बूट! आल्या आल्या त्यानं भिंतीवर तक्ता ठोकला, व्यवस्थापनाची कालातीत तत्त्वं. म्हणे शंभर वर्षांपूर्वीची आहेत, पण आजही तेवढीच खरी. त्यात सगळ्यात वर काय? निर्णय एकाचा, जबाबदारी एकाची.

आता आमच्याकडं कसं आहे, काहीही करायचं म्हटलं की सगळ्यांना विचारायचं. साडेनऊची कॉफी, वेलदोड्याचे बन, आणि चर्चा. जेवणाच्या खोलीतल्या पडद्यांचा रंग ठरवायला आम्हाला एक अख्खा हिवाळा लागला आणि शेवटी पडदेच नकोत असं एकमतानं ठरलं. कुणी हुकूम सोडत नाही, कुणी रुसत नाही. फक्त काम तेवढं होत नाही.

आणि इकडं तीन नंबरचं प्रेस करकरायला लागलेलं. बेअरिंग गेलं होतं, दुसरं काय! चार दिवस बंद ठेवून बदललं की झालं. पण नॉर्वेतल्या बर्गेनचं आमचं गिऱ्हाईक स्वेर्रे, त्याची ऑर्डर, वर्षातली सगळ्यात मोठी, त्याच प्रेसवर. ती गेली तर आम्हा एकोणीस जणांतले सहा घरी बसणार, हे हाम्पुसनं स्वच्छ सांगितलेलं. मग थांबवायचं की रेटायचं? सप्टेंबरपासून चर्चा चालू! पॅकिंगमधली गुनवोर म्हणायची, लेन्नार्टचं ऐकल्याशिवाय मी बोलणार नाही. आणि लेन्नार्ट, जो प्रत्यक्ष त्या प्रेसवर उभा असतो, तो म्हणायचा, गुनवोर काय म्हणते ते बघू.

शेवटी हाम्पुस मला म्हणाला, "तोर्ग्नी, यापुढं प्रेसचा निर्णय तुझा एकट्याचा."

तत्त्वाला माझा विरोध नाहीच. पण मी म्हटलं, बाबा रे, हे सगळ्यांना विचारायला हवं. आणि हा तक्तेवाला काय म्हणाला असेल? "हो हो, ते तर विचारायलाच हवं!"

म्हणजे बघा, निर्णय एकानं घ्यावा की नाही हे ठरवायला सगळ्यांची बैठक. एक नाही, पाच. पाच आठवडे! तिसरीत लेन्नार्टनं शांतपणे विचारलं, एकट्यानं घेतलेला निर्णय इतरांना पटला नाही तर? झालं, त्यावर एक छोटी समिती. प्रेस तिकडं करकरतंय, समिती इकडं बन खातेय. पण झालं एकदाचं एकमत. गुनवोरनं केक आणला, वर क्रीमनं माझं नाव.

सोमवारी सकाळी सगळे प्रेसपुढं जमले. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते, 'प्रेस थांबवा'. घरी आरशासमोर म्हणूनही बघितले होते, तर बायकोनं दाराआडून विचारलं, कुणाशी भांडतोयस? तर मी घसा खाकरला, तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं माहितीय?

"तर… काय वाटतं तुम्हा सगळ्यांना?"

लाज वाटली हो. हाम्पुसनं डोळे मिटून घेतले. लेन्नार्टचा चेहरा मात्र असा उजळला! म्हणाला, "बरं झालं विचारलंस." आणि प्रेस चालूच ठेवून सगळे साडेनऊला कॉफीला बसलो, चर्चेला. माझा दुसरा बन हातात होता, तेवढ्यात आतून काडकन आवाज आला आणि मग सगळं शांत. प्रेस थांबलं. कुणालाही न विचारता. सगळे कॉफीला होतो म्हणून कुणाला ओरखडासुद्धा आला नाही, हेही तक्त्यावर लिहा म्हणावं.

आता चार दिवसांचं काम नऊ दिवसांवर गेलं. स्वेर्रेला फोन मी केला. समोर ती सहा माणसं दिसत होती. माल शुक्रवारी येणार नाही, असं त्याला सांगून टाकलं.

"तोर्ग्नी," स्वेर्रे म्हणाला, "माझ्या एकट्याच्या हातात असतं तर ऑर्डर आत्ता रद्द केली असती. पण इथं सगळ्यांना विचारावं लागेल."

विचारा, म्हटलं! सावकाश विचारा, कुणाचं मन दुखवू नका! तीन आठवडे विचारत होते बर्गेनमध्ये. नवव्या दिवशी आमचं प्रेस सुरू झालं, पुढच्या आठवड्यात माल निघाला, आणि ऑर्डर रद्द करावी यावर तिकडं एकमत झालं त्या दिवशी आमच्या बिजागऱ्या त्यांच्या गोदामात उतरून झाल्या होत्या. मग त्या परत पाठवाव्यात का, यावर त्यांची आता नवी बैठक आहे. म्हणजे सहाही जण निदान उन्हाळ्यापर्यंत सुरक्षित.

पण हाम्पुसला अहवाल पाठवायचाय ना वर! त्यात एक रकाना, प्रेस थांबवण्याचा निर्णय कुणी घेतला, एकच नाव लिहा. तत्त्वाला माझा विरोध नाही. मी खरं तेच लिहिलं, 'प्रेस नंबर तीन'. कागद सगळ्यांना दाखवला, जवळजवळ सगळ्यांना पटलाय. फक्त अजून गेला नाही… लेन्नार्ट म्हणतो, गुरुवारपर्यंत विचार करून सांगतो.