माक्याचं तेल आणि वृंदाचे केस

घरच्या घरी म्हणे! तुम्हाला सांगते, हा शब्द ज्यानं काढला ना, त्याच्या घरी पाट्यावर नक्की दुसरंच कुणीतरी वाटत असणार... आमच्याकडे ते दुसरंच कुणीतरी म्हणजे मी! मालिनी, अंबरनाथच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधली, सासूबाईंची एकुलती एक सून. हे हात बघा, हिरवे! साबणानं जात नाही, रिठ्यानं जात नाही, आणि सासूबाई म्हणतात, "अगं, औषधी रंग आहे तो, असू दे!"

आता हे सगळं कशापायी? तर माझी नणंद वृंदा. दसऱ्याला तिचा साखरपुडा झाला. मुलगा बदलापूर गावातला, शरदचंद्र, शाळेत मास्तर, अगदी सरळ माणूस. पण त्याच्या आईनं हिला पसंत केली ती कशावरून? शेपट्यावरून! गुडघ्याला लागायचा हो... "असे केस आमच्याकडे कुणाचेच नाहीत," असं चारचौघांत म्हणाल्या विहीणबाई. आणि दिवाळीत पोरीला मुदतीचा ताप! जगते की जाते अशी गत झाली. जगली. ताप उतरला, आणि केस उतरायला लागले. फणी फिरवली की मूठभर, उशी झटकली की मूठभर... संक्रांतीपर्यंत काय उरलं ते सांगवत नाही. पोरीनं आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि बोलणंच टाकलं.

सासूबाईंनी आम्हाला दम भरला. "बदलापुरात एक अक्षर जाता कामा नये! लग्न मोडेल! वैशाखापर्यंत केस आणायचे, आणि बाजारची बाटली नको, घरच्या घरी करायचं!"

घरच्या घरी म्हणे! मी ह्यांना म्हटलं, येताना नदीकाठचा माका आणा. ह्यांनी काय आणलं? मका! पिशवीभर कणसं! मग मीच गेले, चिखलात पाय रुतवून माका उपटला, वाटला, पिळला, लोखंडी कढईत खोबरेल, त्यात तो रस, आवळा, ब्राह्मी, जास्वंदीची फुलं... अहो, ते असं तडतडायचं की शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "काय जळतंय का हो?" काय सांगू तिला? आमची अब्रू जळतेय!

पण केस येत होते बरं का! लव यावी तसे. मग बोटाएवढे. पोर हळूच आरशाकडे बघायला लागली.

आणि एक दिवस, भर दुपारी, मागच्या अंगणात मी वृंदाच्या डोक्यावर लेप थापलाय, हिरवा-काळा, शेणाच्या गोवरीसारखा, वर केळीचं पान बांधलंय, आणि पुढच्या दारात आवाज, "आहे का कुणी घरात?" विहीणबाई! कल्याणला भावाकडे निघाल्या होत्या, बांगड्यांचं माप घ्यायला मध्येच उतरल्या! माझ्या हातातली वाटी खाली. वृंदा पांढरीफटक.

सासूबाई पुढे धावल्या. "या, या! वृंदा न्हातेय हो."

"न्हाऊ दे. बसते मी."

बसल्या! चहा झाला. पोहे झाले. पुन्हा चहा झाला! माणूस न्हाऊन न्हाऊन किती न्हाणार? सासूबाई मध्येच आत येऊन माझ्या कानात, "पान काढ, पदर घे म्हणावं, घट्ट!" अहो, लेप ओला, कपाळावरून ओघळ येताहेत, पदरातून काय दिसायचं राहणार? घरच्या घरी म्हणे... घरच्या घरी लग्न मोडायची वेळ आली!

आणि तेवढ्यात पाठीमागून, "हात कुठे धुऊ हो?" विहीणबाई थेट अंगणात!

कुणी हलेना. सासूबाई दाराला धरून उभ्या. आणि वृंदा... इतके दिवस न बोललेली वृंदा उठली, पान स्वतःच्या हातानं सोडलं आणि म्हणाली, "काकू, मला मुदतीचा ताप आला होता. माझे सगळे केस गेले. आता येताहेत, पण पहिल्यासारखे येतील की नाही, माहीत नाही. तुम्हाला चालणार नसेल, तर आत्ताच सांगा."

माझा जीव कानात आला होता. विहीणबाई खाली दगडावर बसल्या, एकदम.

"मुदतीचा ताप," त्या म्हणाल्या. "माझ्या थोरलीला आला होता. शरदच्या वरची. ती उठलीच नाही गं त्यातून. तू उठलीस... आणि केसांचं काय सांगत बसलीस मला?"

वृंदाला रडू फुटलं, सासूबाईंना फुटलं, मला तर आधीच फुटलं होतं. विहीणबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि माझ्यावरच ओरडल्या, "बघतेस काय? पाणी आण कोमट! किती वेळ ठेवलास लेप, सर्दी होईल पोरीला!" आणि स्वतःच्या हातानं तिचं डोकं धुतलं. कल्याणची गाडी गेली ती गेलीच.

लग्न वैशाखात झालं. कानाएवढ्या केसांत अबोलीचा गजरा माळून गेली वृंदा. छान झालं, सगळं छान झालं! पण विहीणबाईंचं तोंड? अख्ख्या बदलापुरात सांगितलं त्यांनी, "अंबरनाथला आमच्या सुनेची वहिनी तेल करते, घरच्या घरी!" आता रोज दारात कुणी ना कुणी. बाळंतिणी येतात, टकले येतात, आणि परवा तर मोरिवलीचे हिरामणदादा आले, दोरीला म्हैस! म्हणाले, "वयनी, हिच्या शेपटीचं केस झरलं, थोरं त्याल दे ना."

मी सासूबाईंकडे बघितलं. म्हटलं, आता तरी काही बोलतील...

"दे गं," सासूबाई म्हणाल्या. "शेपटी मोठी आहे, दोन वाट्या दे."

दिलं! काय करता?