गल्लीतली बाज

त्या दिवशी वारा असा बंद पडला होता का लिंबाचं पानही हालत नव्हतं. आमच्या गल्लीत सिमेंट रस्ता करायले सकाळीच ठेकेदाराचा मिक्सर आला. मी ठेकेदाराले विचारलं, "बापू, इथं नळाची लाईन टाकाची राह्यली ना?"

"आबाजी, नळाची योजना वेगळी, रस्त्याची वेगळी. साहेबही वेगळे."

"गल्ली तर एकच हाय. वरच्या आळीत असाच आधी रस्ता झाला. मंग नळवाले म्हणले, नवा रस्ता फोडता येत नाही. तिथल्या बाया अजून हापशीवर जाऊन राह्यल्या. हळदीच्या आधी अक्षता टाकता काय बे?"

तो हसला, अन् माणसायले म्हणाला, "ओता."

मी काही भांडलो नाही. घरातून बाज आणली, मिक्सरच्या समोर मांडली अन् बसलो.

"उठा आबाजी, माल घट्ट होऊन राह्यला."

"होऊ दे. मीही घट्टच हाय. दोन्ही साहेबायले इथं बोलाव, मंग उठतो."

त्यानं फोन काढला. तेवढ्यात शेजारचा गणपत आला. कुंपणाच्या भांडणापासून तो माह्याशी बोलत नव्हता. डोक्यावर त्याची बाज होती. म्हणाला, "सरक बे म्हाताऱ्या, माहीही मांडू दे."