डाव्या दारावरची पन्हळ

(गॅरेजच्या अंगणात एक जुना ट्रक. केबिनमध्ये डाव्या सीटवर वहिनी, खाली पाण्याचा पाइप धरून डेंटर.)

डेंटर : काच पूर्ण खाली घेतलीत ना, वहिनी? आता बसा निवांत. टपावर पाणी सोडतो. एक थेंब जरी आत आला ना, तर हातोडी कायमची खाली ठेवतो.

वहिनी : तुमचं बोलणं थांबलं तर पाणी येईल.

डेंटर : अहो, आधी काम तर बघा! केबिन दुसऱ्या ट्रकची आणली, पण दारांवरच्या, पावसाचं पाणी वळवणाऱ्या या पन्हळी तुम्ही सांगितलंत तशा तुमच्याच जुन्या ठेवल्या. वेल्डिंगचा एकेक टाका ड्रिलने सोडवला. छिन्नी लावली असती तर पत्रा फाटला असता. बाकी तुमची जुनी केबिन गंजून चाळण झालेली, ती गेली भंगारात.

वहिनी : जाऊ दे. पन्हळी राहिल्या ना, पुष्कळ झालं. उद्या नवा ड्रायव्हर गाडी नेईल, मग मी कुठली बसते इथे? हे होते तेव्हा मी बसायचे, तशी आज एकदा बसून घेते.

डेंटर : बसा की. तुमची हक्काची जागा ती. दोस्त असता तर म्हणाला असता, बायको फुकटची सवारी. हं, सोडलं पाणी! आलं का आत?

वहिनी : आत नाही आलं.

डेंटर : बोललो होतो ना!

वहिनी : खांद्यावर पडतंय.

डेंटर : कोपर बाहेर काढून बसलात तर पडणारच. हात आत घ्या.

वहिनी : मी अशीच बसायचे. कधी पडलं नाही. पाणी पुढे जायचं, आरशावर.

डेंटर : हां, ते होय! ते बिघडलेलं होतं, वहिनी. पन्हळीचं मागचं टोक वर वाकलेलं, कुठली तरी फांदी घासली असणार. सगळं पाणी पुढे आरशावर. पाऊस आला की दोस्ताला डावीकडचं काही दिसायचं नाही. लाकडी ठोकळ्यावर ठेवून सरळ केली मी, आता पाणी मागच्या टोकाने उतरतं. हात फिरवा, वाकली होती हे सांगूनही पटणार नाही.

वहिनी : सरळ केलीत?

डेंटर : त्याला दहादा म्हटलं होतं, आण गाडी, पाच मिनिटांचं काम आहे. दरवेळी हसायचा आणि म्हणायचा, राहू दे. म्हटलं, जिवंतपणी ऐकलं नाहीस, आता तरी तुझं काम करून टाकतो. वहिनी? अहो, रडताय का? काय झालं?

वहिनी : फांदी नव्हती हो ती. यांनी वाकवली होती. पक्कडीने.

डेंटर : त्याने?

वहिनी : लेक मांडीवर होती, तान्ही. काच वर चढायची नाही आणि सगळं पाणी आम्हा दोघींवर. मी इतकी बोलले त्यांना! म्हटलं, ट्रक आहे की मोरी? यांनी गाडी बाजूला घेतली, भर पावसात टायरवर चढले. खाली आले ते नखशिखांत भिजलेले. म्हणाले, आता तुझ्या अंगावर एक थेंब आला तर सांग.

डेंटर : आणि आरसा?

वहिनी : मी म्हणायचे, मला नको एवढं कौतुक, तुमचा आरसा बघा. तर थांबून थांबून फडक्याने पुसायचे. शेवटपर्यंत.

डेंटर : मला कधी बोलला नाही. एका शब्दाने बोलला असता तर... वहिनी, ही पन्हळ नेमकी कशासाठी वाचवली, तेच मला कळलं नाही. नवी मिळत नाही म्हणून वाचवायला सांगताय, असं वाटलं मला. माझ्या हाताला आग लागो.

वहिनी : असं बोलू नका. चूक माझी. मीच सांगायला हवं होतं. लाज वाटली.

डेंटर : पक्कड आणतो. होती तशी करून देतो.

वहिनी : नको. ते वाकवणं तुमचं होईल, यांचं नाही. आणि नव्या ड्रायव्हरला आरसा दिसायला हवा. त्याचीही कुणीतरी वाट बघत असेल.

डेंटर : मग पाणी तरी बंद करतो. पदर भिजला सगळा.

वहिनी : राहू द्या थोडा वेळ. यापुढे भिजायचंच आहे.