मी काहीही दाबलेलं नाही

नाही, मला एक सांगा, नळाला पाणी आलं नाही तर कोणी विचारतं का, "तुम्ही काय दाबलंत?" छप्पर गळायला लागलं तर विचारतं? मग कॉम्प्युटर रुसला की समोर बसलेला माणूसच गुन्हेगार, हा कुठला न्याय? मी तेहतीस वर्षं विजेचे मीटर तपासले, यंत्र कशाशी खातात ते मला कोणी शिकवू नये... आणि परवा माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसलेल्या मला सगळ्यांनी मिळून एकच विचारलं. तुम्ही काय दाबलंत. मी काहीही दाबलेलं नाही!

तुम्हाला सांगतो, परवा हिचा अर्ज भरायचा होता. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी. एकोणीस वर्षं ही त्या शाळेत भूगोल शिकवतेय, तीन वेळा हिला डावलून भलत्यालाच त्या खुर्चीत बसवलं, एकदा तर हिनेच हाताला धरून खडू कसा धरायचा ते शिकवलेल्या बाईला, आणि या वेळी अर्ज नेटवरून, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. शेवटच्या दिवसापर्यंत का थांबलात म्हणाल, तर अनुभवाच्या दाखल्यावर शाळेने सही केली आदल्या संध्याकाळी. मुद्दाम, दुसरं काय. बाकी सगळे कागद आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात. सकाळी साडेदहाला ही म्हणाली, "अहो, जरा लावून देता?" मी म्हटलं, "त्यात काय." हे "त्यात काय" मी जन्मात ज्या ज्या वेळी म्हणालोय ना... जाऊ दे.

लावला. तर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, तारीख चुकलीय, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. दाबलं. त्यानेच सांगितलं म्हणून दाबलं, हे लक्षात ठेवा. सुरू झाला, आणि तारीख दाखवतो एक जानेवारी, वीस वर्षांपूर्वीची. अर्जाचं पान काही केल्या उघडेना, म्हणे सुरक्षित नाही. बरोबरच आहे, वीस वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचा अर्ज कोण देणार? मुलीला फोन लावला, ती परगावी नोकरीला असते. कसे आहात नाही, आई कशी आहे नाही. "बाबा, तुम्ही काय दाबलंत?"

मी दातओठ खाऊन पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बायोसमध्ये जा. ते काय असतं? "अहो बाबा, कॉम्प्युटर नीट जागा व्हायच्या आधी त्याच्या आतलं एक पान असतं, घड्याळ वगैरे तिथे लावतात. चालू झाल्या झाल्या डिलीट दाबायचं." डिलीट? ज्याच्या पोटात हिची एकोणीस वर्षं आहेत त्याच्यावर मी डिलीट दाबू? आणि ती पाटी दिसते दोन सेकंद, माझा चष्मा नाकावर येईपर्यंत ती गेलेली असते. पाच वेळा चालू-बंद केलं, पाचही वेळा हुकलं. सहाव्या वेळी ही बसली डब्याच्या बटणाशी आणि मी बसलो डिलीटवर बोट ठेवून, लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतकं एकदिलाने आम्ही कधी काही केलेलं नाही.

घुसलो आत. निळं पान, माउस तिथे चालत नाही, सगळा कारभार बाणाच्या कळांनी, आणि एकेक करत वीस वर्षं चढवायची. चढवली. एफ-टेन दाबून जतन केलं, आणि काय सांगू, अर्जाचं पान उघडलं. ही चक्क हसली. म्हणाली, "आधी जेवून घेऊ, मग निवांत भरते." सगळं नीट बंद करून जेवायला गेलो. परत येऊन लावतो तर पुन्हा एक जानेवारी. आणि ही म्हणते, "अहो, तुम्ही काय दाबलंत?" मी? मी हिच्यासमोर बसून जेवत होतो!

मग मात्र माझं डोकं फिरलं. आणि डोकं फिरलेल्या माणसाने सेटिंगमध्ये शिरू नये. तारीख लावली, आणि बाजूला बघतो तर एक यादी. सुरू होताना कॉम्प्युटरने आधी कोणाकडे जायचं त्याची. पहिला नंबर डिस्कचा, मग सीडी, मग पेनड्राइव्ह, आणि सगळ्यांच्या शेवटी बिचारं नेटवर्क. आता तुम्हीच सांगा, अर्ज भरायचा नेटवरून, आणि नेटला शेवटचा नंबर? तीन वेळा हिच्यावर झाला तोच अन्याय इथेही? दिला नेटला पहिला नंबर. डिस्कला यादीतूनच काढलं, म्हटलं कशाला उगाच गर्दी. एफ-टेन. काळा पडदा, आणि मधे एक एवढीशी रेघ गरगर फिरतेय... फिरतेय... बस.

मुलीला पुन्हा फोन. "बाबा, तुम्ही काय..." मी फोन ठेवला. हिच्याकडे वळलो. ही ओरडली असती तर परवडलं असतं. दाखल्याची फाइल मांडीवर घेऊन म्हणाली, "राहू दे हो. चौथ्यांदा राहिलं, एवढंच." तीन वाजून गेले होते. तसाच पायात चपला सरकवून चौकात पळालो, तिथे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्या गिऱ्हाइकाची क्षमा मागून त्यांना घेऊनच आलो.

दारातून आत येता येता बाईंनी काय विचारलं असेल? बरोबर.

"कॉम्प्युटर जागा होतो तोच हिच्यावरून," म्हणत त्यांनी डिस्कला परत पहिल्या नंबरावर बसवलं, डबा उघडला, आतून एक चपटा सेल काढला, बटणाएवढा. "घड्याळ याच्यावर चालतं. संपलाय. पण इतक्या लवकर संपायला नको होता. भिंतीवरून वीज चालू असली की हा फारसा खर्च होत नाही. वीज तोडली की सगळा भार याच्यावर, आणि हा मेला की तारीख गेली. भिंतीवरचं बटण कोणी बंद करतं का?"

आता, मी विजेच्या खात्यात जन्म काढलेला माणूस. खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद, ही माझी शिस्त आहे. फिरायला जाताना बंद, आंघोळीला जाताना बंद, कॉम्प्युटर घरात आल्यापासून सात वर्षं, रोज. परवा जेवायला जातानासुद्धा.

"तुम्ही," ही म्हणाली, अगदी सावकाश, वर्गात म्हणते तशी, "काय दाबलंत?"

नवा सेल बसला, तारीख लागली, चार बावन्नला अर्ज गेला, पोचही आली. आता त्या बटणावर हिने कागद चिकटवलाय, "हे बटण कोणीही दाबू नये." खाली हिची सही, आणि सहीखाली ठळक अक्षरांत, "मुख्याध्यापिका". अजून मुलाखतसुद्धा व्हायचीय, तुम्हाला सांगतो... पण मी आपला कालपासून त्या खोलीतून हाताची घडी घालूनच बाहेर पडतो.