निशाण कोनी नेलं

(पातूरच्या वाटेवरचा मैनाबाई माळणीचा मळा. बांधापाशी बैलगाडी थांबलेली; गाडीत चांदूरचे किसनराव आणि त्यांच्या पत्नी पार्बताबाई.)

किसनराव : मी रस्ता इचारला, बाई. महादेवरावाचं नवं घर कोनीकडे, इतकंच. बाकीचं तुमाले कोनी इचारलं?

मैनाबाई : घर चिचेपासून डावीकडे. नवी माडी दिसंन, कापसानं बांधलेली. पन तुमी चालले त्याच्या पोराले पाह्याले, जानरावाले. म्हनून म्हनलं, आधी दोन गोष्टी आइकून घ्या.

किसनराव : मी कोनाले पाह्याले चाललो, हे तुमाले कसं मालूम?

मैनाबाई : चांदूरचे किसनराव ना तुमी? जानरावासंगं पोरीची सुपारी फोडून गेल्ते. मंग तो डोंगरावरून पडला, तं न्हाव्याच्या हातून निरोप धाडला का लंगड्याच्या घरी आमी पोरगी देत नाही. सोता येऊन सांगाले बी जमलं नाही तुमाले. न वळखाले काय झालं? तवा गाडीच्या चाकाले चांदीची पट्टी नव्हती, एवढाच फरक.

किसनराव : चांदी कष्टानं आली, बाई.

मैनाबाई : कोनाच्या? साता समुद्रापार कोन्या गोऱ्यांची आपसात लढाई लागली, म्हनून इथं कापसाले भाव आला. मेले ते, आन कष्ट तुमचे. बरं, चालवा चांदी दगडावरून, मले काय. मी वांगे लावतो. गावानं लय हासून घेतलं मले, का सारं वऱ्हाड कापूस पेरून राह्यलं आन ही येडी वांगे लावते. आता त्याइच्याच बायका टोपलं घेऊन माह्या बांधावर उभ्या राह्यतात, भाजी भेटत नाही म्हनून. एकीले म्हनलं, कापूस शिजवून पाहा.

पार्बताबाई : पोराचं सांगा, बाई.

किसनराव : त्यात सांगाचं काय? अमरावतीच्या बाजारात पक्की खबर भेटली मले. चैताच्या जत्रेत जानराव पुन्हा कडा चढला, निशाण वर नेलं. पाय दुरुस्त झाला म्हनते. म्हनून आलो. तुटलेलं जोडून घ्यावं. दोन्ही घरं हैसियतीची हायेत.

मैनाबाई : कापूस जोखून घेता ना बाजारात? खबर तशीच घेतली वाटते, न जोखता.

किसनराव : म्हनजे?

मैनाबाई : म्हनजे बसा, आन आइका. तो डोंगर तुमाले मालूम हाय. मांगच्या अंगानं पायऱ्या हायेत, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी. समोरून सरळ कातळ. जत्रेच्या दिवशी गावोगावचे पोट्टे समोरून चढतात. जो आधी पोचला तो देवीचं निशाण रोवते, आन मंग सालभर मिशीले पीळ देत फिरते. मले इचारसान तं निव्वळ माकडचाळे. वर हाय काय? दगडं आन वांदरं. पन जानरावाले लहानपनापासून त्याचंच येड. मिसरूड फुटल्यापासून दर साली निशाण त्याचंच. आन मंग त्या साली हाताखालचा दगड निसटला, आन गडी आपटत खाली आला.

किसनराव : पाह्यलं ते मी. हाड कातडं फाडून बाहेर आल्तं. त्याच्यावर कोन्ता बाप पोरगी देईन?

मैनाबाई : कोनी म्हनलं, द्या? पातूरहून हाड बसवनारा आला. कामट्या बांधल्या, लेप देल्ला. सारा पावसाळा पोट्टं बाजेवर पडून. कामट्या सोडल्या तवा पाय पऱ्हाटीच्या काडीवानी, आन गुडघ्याखाली वाकडा बसलेला. महादेवराव तवा कापसाच्या भावानं फुगून राह्यला होता. घरी बडा पाव्हना आला का पोराले मांगच्या खोलीत बसवे. चांदीच्या मुठीची काठी घडवून देल्ली त्याले, म्हने ही धरून घरात बस. गावचे पोट्टे त्याले 'निशाण' म्हनाले लागले. काहून का चालला म्हनजे वाऱ्यावर हालल्यावानी हाले.

पार्बताबाई : त्याच्या तोंडावर म्हनत?

मैनाबाई : तोंडावर. मांगून म्हननाऱ्याले भेव असते, बाई. लंगड्याले कोन भेते?

किसनराव : मंग दुरुस्त कसा झाला? पलटनीतला डाक्तर आनला का महादेवरावानं?

मैनाबाई : डाक्तर कायले? माह्या मोटेवर झाला, जितका झाला तितका. माहा घरधनी आन गावचे सारे गडी कापसाच्या गाड्या हाकाले गेल्ते. मोट हाकाले मानूस भेटंना, वांगे वाळून चालले. एक दिवस हे बांधावर येऊन उभं राह्यलं, काठी टेकत. म्हने, मैनाकाकू, मोट मी हाकतो. मी हासली. म्हनलं, बैल धड पायाचे हायेत, त्याइले तुयी लाज वाटंन.

किसनराव : महादेवरावाचा वारस माळ्याच्या मोटेवर?

मैनाबाई : अस्संच म्हनलं गावानं. असंच तोंड वाकडं करून. मोटेची धाव पाह्यली असान तुमी. बैलासंगं उतार उतराचा, पानी पाटात पडलं का उलटं वर चढाचं. दिसभर तेच. पयल्या दिवशी तो धावेवर पालथा पडला, तोंडात माती गेली. म्या काही उठवलं नाही. उठला आपल्या मनानं आन बैलाचं शेपूट धरून वर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. म्या भाकर देल्ली, बाकी काही नाही देल्लं. चुचकारत बसाले मले येळ नव्हता, आन तशी मी हावो बी नाही.

पार्बताबाई : आन त्याचा बाप?

मैनाबाई : आला ना. घोड्यावर बसून, या बांधावर. उतरला बी नाही. म्हने, चांदीची काठी देल्ली तं आमचे चिरंजीव शेपूट धरून राह्यले. त्याच्यासंगं त्याचे मजूर होते, ते हासले. आता मालक हासाले लावते म्हनल्यावर मजूर हासतीनच. जानरावानं बैल थांबवले नाही. उतरता उतरता म्हने, 'काठीनं पायात जोर येत नाही, बाबा.' महादेवराव थुकला आन घोडं वळवलं. त्यानंतर बापलेकाचं बोलनं बंद. दसऱ्यापासून होळीलोक पोट्ट्यानं मोट हाकली. पोटरी भरली. काठी कुठं टाकली कोनाले ठावं.

किसनराव : आन चैतात कडा चढला. मी काय म्हनत होतो? बाजारातली खबर खरीच हाय. गड्यात दम हाय.

मैनाबाई : घाई नका करू. कापूस नाही हा, भाव उतरत नाही लगेच. मी पायथ्याशी फुलं इकाले बसल्ती, तो पडला तवा तुमी बसल्ते त्याच जागी. पोट्टे लंगोट कसून कातळाखाली जमले. त्यात जानराव जाऊन उभा राह्यला. एकानं इचारलं, निशाण वर न्याचं का तुले न्याचं? जत्रा हासली. आन तेवढ्यात महादेवरावाची डोली आली.

किसनराव : डोली?

मैनाबाई : भोई लावलेली, मखमलीची. पोरगं कडा चढाले निंगालं, हे त्याच्या कानावर गेल्तं. गावभर आबरू जाईन म्हनून डोली धाडली, का आमचा जानराव देवीले पायऱ्यांनी जाईन, बड्या घरच्या मान्सावानी, बसून. सोता मांगं उभा. जत्रेसमोर मोठ्यानं म्हने, बस. जानराव बसला नाही. नाही बी म्हनला नाही. फकस्त बाजूले सरला आन डोलीले वाट करून देल्ली. भोई रिकामी डोली घेऊन पायऱ्या चढले, काहून का पैसे घेतल्ते. महादेवराव रिकाम्या डोलीच्या मांगं मांगं. मी जलमात इतकी हासली नसन.

किसनराव : आन निशाण?

मैनाबाई : इशारा झाला, पोट्टे वांदरावानी चढले. शेजारच्या गावच्या शेषरावानं नेलं निशाण.

किसनराव : शेषरावानं? जानरावानं नाही?

मैनाबाई : जानराव तवा पायथ्याशीच होता. सारे वर पोचले, निशाण लागलं, डफडे वाजले, आन लोकं रोडगे खाले पांगले. जत्रेचं काय, पोट भरलं का देवी इसरली. मंग यानं कातळाले हात लावला. पाहाले कोनी नाही. मी, आन एक कुत्रं.

पार्बताबाई : एकटाच चढला?

मैनाबाई : एकटाच. हळू, लय हळू. आधी हातानं दगड हालवून पाहे, मंग चांगला पाय टाके, मंग वाकडा वढून घे. मुंगळा बरा दिसते चढतांना. जिथून पडला होता तिथं पोचला आन थांबला. तो दगड निसटला तिथं खोबन राह्यली हाय. त्याचा पाय लटलट कापाले लागला, मले खालून दिसे. म्या आवाज देल्ला, उतर, तुया बापाले दुसरं पोरगं नाही. त्यानं आइकलं का नाही, मालूम नाही. कातळाले गाल लावून उभा राह्यला. माह्या फुलांवर ऊन आलं, फुलं मलूल झाले, तरी हा तिथंच. आता हा पडन आन याले उचलाचं मलेच पडन, असं मनात आलं तं संताप आला मले. मंग कापनं थांबलं. त्यानं त्या खोबनीतच बोटं घातले आन वर सरकला.

किसनराव : पोचला ना पन वर?

मैनाबाई : पोचला. निशाणाजवळ जाऊन उभा राह्यला, त्याले हात नाही लावला. रोडगे खाता खाता खालून कोन्या कापसाच्या दलालानं पाह्यला असन, तेच तुमच्या अमरावतीले गेलं. पन त्यानं उतरतांनाचं सांगतलं नाही वाटते.

किसनराव : काय झालं उतरतांना?

मैनाबाई : वाकड्या पायाले चढ जमते, धावेचा मातीचा उतार बी जमते, पन दगडावरून खाली उतरनं जमत नाही. गुडघा धरत नाही त्याचा. म्हनून पायऱ्यांनी आला. बसून. एकेका पायरीवर बूड टेकवत, रांगनाऱ्या लेकरावानी. तवर लोकं रोडगे खाऊन वापस आल्ते. साऱ्या जत्रेनं पाह्यलं. बायका पदर तोंडात घेऊन हासल्या. महादेवराव तं तोंड लपवून घरी गेला.

किसनराव : बूड टेकवत.

मैनाबाई : धोतर फाटलं मांगून. खाली येऊन माह्यापाशी पानी मांगतलं. म्या इचारलं, काय भेटलं रे वर जाऊन? तो म्हने, 'काही नाही, काकू. वर जाता येते, एवढंच.' आता याले काय म्हनाचं? येडाच हाय तो.

किसनराव : म्हनजे निशाण त्यानं नेलं नाही, पाय वाकडा तो वाकडाच, आन वरून तमाशा. मी इतके मुक्काम करत आलो ते यासाठी? उद्या बाजारात लोकं म्हनतीन, किसनरावानं बुडानं डोंगर उतरनाऱ्याले पोरगी देल्ली. बरं झालं बाई, वाटेतच भेटल्या तुमी. गाडी वळवतो मी.

मैनाबाई : वळवा. बांधावरचे मिरचीचे रोपं सांभाळून वळवा फकस्त. गाडीपक्षा त्याइची किंमत जास्त हाय मले.

पार्बताबाई : थांबवा गाडी.

किसनराव : आइकलं नाही का तू? लंगडा हाय तो अजून.

पार्बताबाई : आइकलं. तुमी बी सांगा ना बाईले, तुमचं बी आइकू द्या. जानरावाले सोडून तुमी त्याहून मोठं घर पाह्यलं. त्याइची चांदी पाहून आपन हुरळलो. मंग त्याइले आपल्याहून मोठं घर भेटलं, तं त्याइनं आपल्याले तसाच निरोप धाडला. तो बी न्हाव्याच्याच हातून.

किसनराव : पार्बता.

पार्बताबाई : आपली पोरगी कौशल्या तवापासून घरात बसून हाय. कोनाच्या लग्नाले जात नाही. तुमी तिले एका शब्दानं बी इचारलं नाही. निशाणाची खबर आली तवा तुमीनं चांदीच्या पट्ट्या घासाले लावल्या, आन मी म्हनलं, मी बी येतो. तुमाले वाटलं, मले माडी पाहाची हाय.

किसनराव : मंग कायले आली तू?

पार्बताबाई : पोरीनं धाडलं. ती म्हने, बाबा निशाण पाहाले चालले, तू मान्साले पाहून ये. बाई, थोडा हात द्या मले, उतरतो मी.

मैनाबाई : हळू. चाकावर पाय द्या. हं. आता बोला.

पार्बताबाई : तो हो म्हनन का नाही, मले ठावं नाही. नाही म्हनला तं त्याचं चुकत नाही. पन कौशल्यानं एक गोष्ट इचारून ये म्हनलं. त्याले इचाराच्या आधी तुमाले इचारतो, तुमी रोज पाहता त्याले.

मैनाबाई : इचारा.

पार्बताबाई : पाय दुखते का त्याचा अजून?

मैनाबाई : दुखत असन, बाई. हे आजलोक इचारलं नव्हतं कोनी.