कॉम्प्युटरच्या खोलीतला गारवा

एसीचं कौतुक आम्हाला नका सांगू. कर्वे रोडच्या आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा एसी फक्त त्याच्या खोलीला होता. धूळ जाऊ नये म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. मे महिन्यात सगळ्यांनाच कॉम्प्युटर शिकायची ओढ लागली.

एका दुपारी साहेबांनी दार उघडलं. "कॉम्प्युटर एक, बाहेर चपलांचे अकरा जोड. आत सत्यनारायण आहे का? उद्या दाराबाहेर एक जरी जोड दिसला, तर मेमो देईन."

आम्ही साहेबांचा शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी चपला पिशव्यांत घालून आत नेल्या. तेवढ्यात दार उघडलं. दारात साहेब, बूट काखेत.

"सरका जरा," ते म्हणाले, "प्रसादाला आलोय."